‘भा’ लिहिलं की

त्या दिवशी अपघात झाला की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडीला ओरखडा नाही, कुणाला खरचटलं नाही, पोलिसांत नोंद नाही. आमचे हे तर हात झटकून सांगायचे, ‘झालं काय? काहीच झालं नाही.’ मी दर वेळी ‘झालं की’ म्हणायची, पण नेमकं काय झालं ते सांगायला गेले की माझंच मला कळेनासं व्हायचं. म्हणून एकदा सगळं ओळीनं लिहून बघते.

यांना फोनचं वेड साठीनंतर लागलं. गोवर मोठेपणी निघाला की जास्त छळतो, तसं झालं. साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि ग्रुपांत भरती झाले. भावकीचा ग्रुप, तालमीचा ग्रुप, कारखान्यातल्या जुन्या लोकांचा ग्रुप, सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्यांचा ग्रुप, आणि एक कशाचा आहे ते त्यांनाही माहीत नाही. कुठंही कुणाचा वाढदिवस असो नाहीतर कुणी गेलेलं असो, पहिला मेसेज यांचा पाहिजे. दुसऱ्या कुणाचा आधी गेला तर दिवसभर तोंड पाडून बसतात.

हे घरात चाललं तर मी काही म्हणत नाही. पण हा माणूस गाडी चालवताना लिहितो. उजवा हात स्टेअरिंगवर, फोन मांडीवर, डाव्या हाताचा अंगठा चालू. मी ओरडले की म्हणायचे, ‘अगं, मी बघत नाही, नुसतं बोटानं लिहितोय.’ बघत नाही म्हणजे कशाकडं बघत नाही, फोनकडं की रस्त्याकडं?

मी सगळे उपाय करून पाहिले. रागावले, अबोला धरला, मुलाकडून सांगून पाहिलं. एकदा तर भांडून शिरोलीच्या नाक्यावर उतरले आणि रिक्षा केली. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. यांचा मेसेज होता, ‘कुठं पोचलीस?’ मागं वळून बघितलं तर गाडी आमच्या रिक्षाच्या मागंच, आणि यांची मान खाली. आता अशा माणसाला काय करायचं, तुम्हीच सांगा.

तर तो दिवस. त्या दिवशी भाऊंचा सत्कार होता. भाऊ म्हणजे माझे थोरले दीर. मंगळवार पेठेत राहतात. सख्खे, चुलत, शेजारी, तालमीतली पोरं, सगळेच त्यांना भाऊ म्हणतात. त्यांची सत्तरी झाली म्हणून तालमीनं सकाळी सत्कार ठेवला होता. आम्हाला मात्र त्याच सकाळी हातकणंगल्याला माझ्या भाचीच्या साखरपुड्याला जाणं भाग होतं. साखरपुडा उरकायचा आणि दुपारी थेट भाऊंकडं जेवायला यायचं, असं ठरलं होतं.

परतताना हेर्ल्याच्या पुढं आलो आणि यांच्या मांडीवरचा फोन वाजला. भावकीच्या ग्रुपवर सत्काराचा फोटो आला होता. यांनी एक नजर टाकली आणि अंगठा चालवायला सुरुवात केली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागं दोन ट्रॉल्या. मी म्हणाले, ‘अहो, फोन ठेवा.’ हे म्हणाले, ‘झालं, झालं.’ ट्रॅक्टर शेजारून गेला. मी फोन हिसकावला, बंद करून पर्समध्ये टाकला आणि पर्स मांडीखाली घेऊन बसले. त्यांनी फारशी कुरकुर केली नाही. मला वाटलं, आज आपण जिंकलो.

मंगळवार पेठेत पोचलो तर भाऊंच्या दारात चपलांचा ढीग. सत्काराला एवढी माणसं जमली म्हणून मला बरं वाटलं. पण बोळाच्या तोंडाशी काही बाप्ये पांढऱ्या टोप्या घालून गप्प उभे होते. दोन बायका पदर तोंडाला लावून होत्या. आणि दारात स्वतः भाऊ, डोक्याला सकाळचा फेटा, गळ्यात पोटापर्यंत हार, हातात जिलबीचं ताट. त्यांच्यासमोर कागलचा चुलत भाऊ भूत बघितल्यासारखा उभा.

‘आरं, कोण गेलं? कुणाची माती हाय?’ भाऊ विचारत होते. आमच्याकडं कुणी अंत्ययात्रेला जात नाही, मातीला जातात.

‘तुमचीच की!’ तो म्हणाला, आणि मटकन पायरीवर बसला.

मला आधी हसू आलं. मग भीती वाटली. मग दोन्ही एकदम. यांच्याकडं बघितलं तर यांनाही काही कळत नव्हतं. कुणीतरी यांच्या नाकासमोर ग्रुप उघडून धरला. वर भाऊंचा फोटो. खुर्चीत बसलेले, गळ्यात हार, आणि डोळे मिटलेले. फोटो काढणाऱ्यानं नेमका पापणी लवताना काढला होता. खाली पहिला मेसेज यांचा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

त्याच्याखाली सगळ्या भावकीनं तेच लिहिलेलं. हात जोडलेले, डोळे भरलेले. आमच्या ग्रुपवर कुणी वाचत नाही. वरच्यानं काय लिहिलंय ते बघायचं आणि तेच खाली चिकटवायचं. मध्येच एका पुतण्यानं ‘हार्दिक अभिनंदन भाऊ’ लिहिलं होतं. बिचारा सकाळी सत्काराला हजर होता. त्याला दोघांनी झापलं होतं, ‘जरा वेळकाळ बघत जावा.’ त्यानं घाबरून तो मेसेज पुसला होता आणि श्रद्धांजली वाहिली होती.

‘मी ‘भाऊ, हार्दिक शुभेच्छा’ लिहीत होतो,’ हे पुन्हा पुन्हा सांगत होते. ‘भा लिहिलं. पुढचं फोननं दिलं, मी दाबलं. त्याच्या पुढचं पण त्यानंच दिलं.’ त्या महिन्यात यांच्या सगळ्या ग्रुपांत मिळून इतकी माणसं गेली होती, की ‘भा’ म्हटलं की फोनला दुसरं काही सुचतच नव्हतं. जन्मभर भाऊ म्हणून हाक मारली, आणि फोनला तो शब्द माहीतच नाही.

एकानंही भाऊंच्या घरी फोन करून खात्री का केली नाही, असं मी नंतर विचारलं. तर कागलकर म्हणाले, ‘वैनी, माणूस गेलेल्या घरात फोन करून गेले का हो, असं कोन इचारतंय?’ तेही खरंच होतं. बोलणाऱ्या प्रत्येकाचं त्या दिवशी खरंच होतं, म्हणून तर डोकं चालेना.

एव्हाना भाऊंना गंमत वाटायला लागली होती. आलेल्या माणसाला मिठी मारायची आणि जिलबी भरवायची, असं चाललं होतं. तेवढ्यात जाऊबाई आतून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘आक्काला कुणी सांगितलं का?’

भाऊंनी भरवायला उचललेली जिलबी ताटात परत ठेवली.

आक्का म्हणजे भाऊंची आणि यांची मोठी बहीण. शाहूवाडीकडं एका वाडीत दिलेली. भातशेती, दोन म्हशी, आणि एक मुलगा. ती स्वतः फोन वापरत नाही. मुलगा ग्रुपवर असतो. असतो कसला, ग्रुप त्यानंच काढलाय. जाऊबाईंनी त्याच्या घरी फोन लावला तर सासूला आत्या म्हणणारी सून रडतच म्हणाली, ‘आत्यास्नी घेऊन गेलं की मोटारसायकलवरनं. यस्टीची वाट कोन बघतंय? लई रडालत्या. पाक गळाटल्यात.’

भाऊंच्या हातातलं ताट खाली आलं. आक्काला रक्तदाब आहे. त्या रस्त्याचं काम चालू, निम्मा रस्ता खणलेला, निम्म्यावर धूळ. आणि हा भाचा. त्याच्या मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावायचा चाप आहे, त्यात फोन असतो. गाडी चालवताना वाजला तर हा उचलतो, मेसेज आला तर वाचतो, वर उत्तरही देतो. फोन वाजला आणि यानं बघितला नाही, असं आजवर झालेलं नाही. मामाचंच वळण.

यांनी माझ्या पर्समधून फोन काढला, चालू केला आणि लावायला घेतला. ‘त्याला सांगतो, भाऊ हाय म्हणून.’

‘ठेव!’ भाऊ एवढ्या जोरात ओरडले की बोळातली माणसं आत डोकावली. ‘फोन लावायचा न्हाय कुणी. त्यो उचलतोय. चालत्या गाडीवर उचलतोय. मागं आक्का बसलीया.’

‘आरं पण ती रडत येतीया की! मधीच काय झालं तिला तर?’ कागलकर म्हणाले.

‘मग थांब म्हणून सांगू,’ दुसरं कुणी म्हणालं.

‘थांब म्हणून सांगायला आधी उचलाय नको का त्यानं?’ भाऊ म्हणाले.

मी दोघांकडं बघत होते. भाऊ म्हणाले ते मला पटत होतं. कागलकर म्हणाले तेही पटत होतं. फोन केला तर आक्काचं रडणं थांबेल, पण त्या एका क्षणात भाच्याची मान खाली जाईल आणि पुढं खड्डा असेल. नाही केला तर सत्तरी उलटलेली बाई, भाऊ गेला म्हणून छाती बडवत येणार. मी इतकी वर्षं या माणसाशी भांडले, गाडीत फोन नको, फोन नको. आणि त्या घटकेला माझीच बोटं फोनकडं वळवळत होती. मला अगदी रडू आलं. काय बरोबर तेच कळेना.

एवढ्यात टिंग वाजलं. कुणाच्या तरी फोनवर, मग शेजारच्याच्या, मग सगळ्यांच्या. इचलकरंजीच्या कुणीतरी उशिरा उठून श्रद्धांजली वाहिली होती. भाऊ म्हणाले, ‘हे तिकडं त्याच्या हँडलवर पन वाजलं.’ पुन्हा टिंग. पुन्हा. भावकी मोठी, आणि बातमी आत्ता कुठं सगळीकडं पोचत होती. प्रत्येक टिंगला आम्ही दचकत होतो. हे ‘चुकून लिहिलं गेलं, माफी असावी’ असं ग्रुपवर टाकायला निघाले, तर त्याचंही टिंग होणार. कुणीतरी म्हणालं, ग्रुपच बंद करा की थोडा वेळ. पण बंद करणार कोण? ते अधिकार भाच्याकडं, आणि भाचा गाडीवर.

मग एक टिंग झालं ते भाच्याचंच. त्यानं येण्याच्या वाटेवरच्या घाटाचं नाव टाकून लिहिलं होतं, ‘वाघबीळ. माती थांबवा.’

‘थांबून लिहिलं असंल,’ हे हळू आवाजात म्हणाले.

‘कशावरनं?’ भाऊंनी विचारलं.

यांचं तोंड एवढंसं झालं. मी यांना कधी असं बघितलं नव्हतं. थांबून लिहिलं की चालत्या गाडीवर, हे त्या मेसेजवरून कळायला काही मार्ग नव्हता. मेसेज दोन्हीकडं सारखाच दिसतो.

भाऊ उठले. ‘पुलावर चल,’ ते यांना म्हणाले. ‘तिकडनंच येणार त्यो. मला बघितलं म्हंजे झालं, फोन कशाला पायजे?’ आणि निघताना सगळ्यांचे फोन पलंगावर ठेवायला लावले. यांनीही ठेवला. मी गाडीत मागं बसले. पंचगंगेच्या पुलापर्यंत यांची नजर रस्त्यावरून हलली नाही, तरी डावा हात मात्र दोनदा मांडीवर जाऊन रिकामा परत आला.

पुलाच्या अलीकडच्या तोंडाला गाडी बाजूला लावली. भाऊ कठड्याजवळ उभे राहिले. भर दुपार, डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार. येणारे जाणारे बघत होते. एक रिक्षावाला ओरडला, ‘पावणं, वरात कुठं हाय?’ मी मनातल्या मनात नवीनच घोळ घालत बसले होते. मेलेला मामा रस्त्यात उभा बघून भाचा दचकला आणि गाडी घसरली तर? मग आपण केलं काय? भाऊंना मागं व्हा म्हणावं की पुढं व्हा म्हणावं? मी दोन्ही म्हणाले. भाऊंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग ती मोटारसायकल आली. लांबूनच आक्काची हिरवी साडी दिसली. मांडीवर एक पिशवी, घट्ट धरलेली. भाऊ दोन्ही हात वर करून उभे राहिले. सहा फुटांचा माणूस, वर फेटा. अख्ख्या पुलावर तेवढंच एक बघण्यासारखं होतं.

आणि भाचा शेजारून निघून गेला.

त्यानं भाऊंना बघितलंच नाही. त्याची मान खाली होती, हँडलकडं. दचकायचं तर सोडाच, त्याला कुणी दिसलंच नाही. ज्या मामाच्या मातीला तो आई घेऊन धावत आला होता, तो मामा हात वर करून उभा, आणि हा त्याच्या अंगावरून वारं गेल्यासारखा गेला. मला त्या क्षणी जी धडकी भरली, ती अजून उतरलेली नाही. तिथं भाऊंच्या जागी रस्ता ओलांडणारं कुणीही असतं, तरी त्याला असंच दिसलं नसतं.

आक्कानं मात्र बघितलं होतं. ती मागं वळून बघत लेकाच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली. ‘थांब! थांब की रं! भाऊ हाय!’ बऱ्याच पुढं जाऊन गाडी थांबली. आक्का उतरली आणि चालत परत यायला लागली. हळूहळू, पिशवी छातीशी धरून. आम्ही पुढं धावलो नाही. का नाही धावलो कोण जाणे.

ती भाऊंच्या समोर उभी राहिली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, हाराला हात लावून बघितला. मग रडली नाही, हसली नाही. म्हणाली, ‘मी तुझ्या मातीला आलोय रं.’

‘व्हय आक्का. चुकलं. फोनवर चुकीचं आलं.’

‘कुणी धाडलं?’

हे पुढं झाले. खाली मान घालून म्हणाले, ‘मी. गाडी चालवत हुतो. भाऊ लिहायचं हुतं.’

आक्काला फोनमधलं काही कळत नाही. शब्द कसा बदलला, फोननं पुढचं कसं दिलं, हे तिनं विचारलंही नाही. तिनं फक्त विचारलं, ‘गाडी चालवताना का लिहीत हुतास?’

यांनी डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबला. मीही इतकी वर्षं ओरडले, पण हा प्रश्न इतका साधा करून कधी विचारला नव्हता. तेवढ्यात भाचा गाडी वळवून आला. मामाला बघून पांढराफटक पडला. भाऊंनी त्याला काही विचारलं नाही, नुसतं हँडलवरचा फोन चापातून काढला आणि त्याच्या वरच्या खिशात घालून वरून थोपटला.

आक्कानं पिशवी उघडली. आत हार होता. तिच्या परड्यातल्या फुलांचा, निघता निघता तिनंच ओवलेला, दोरा अजून लोंबत होता. धाकट्या भावाला शेवटचा घालायला आणलेला. तिनं तो हातात धरला आणि आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. भाऊंच्या गळ्यात घालवेना, नदीत टाकवेना.

‘ह्याचं आता काय करू?’ ती म्हणाली. मग तिनं तो यांच्या हातात दिला. ‘तू बोलवलंस. तूच ठेव.’

यांनी हार घेतला. गाडीत येऊन समोरचा कप्पा उघडला, आत ठेवला आणि बंद केला. भाऊंच्या घरी जिलबी होती, सगळ्यांनी खाल्ली, आक्कानंही खाल्ली. संध्याकाळी भाऊ पुन्हा थट्टा करायला लागले होते.

तो हार यांनी अजून टाकलेला नाही. वाळून पार कडक झालाय, पाकळ्या गळून कप्प्याच्या तळाशी साचल्यात. मी एकदा काढायला गेले तर म्हणाले, ‘राहू दे.’ आता गाडीत बसले की हे आधी फोन त्या कप्प्यात टाकतात, हाराच्या वर, आणि मग किल्ली फिरवतात. फोन आत टिंग टिंग करत राहतो. यांचा अंगठा अजून वळवळतो. सुधारले म्हणावं की घाबरले म्हणावं, मला सांगता येत नाही. ‘झालं काय? काहीच झालं नाही,’ हे मात्र आता म्हणत नाहीत.

परवा कावळा नाक्यावर वाहतूक हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली. कागद मागितले. यांनी वाकून कप्पा उघडला आणि फोनखालून, फुलांखालून कागद ओढून काढले. हवालदारानं कागद बघितले, परत दिले, पण त्याची नजर आतच अडकलेली.

‘पावणं,’ त्यानं विचारलं, ‘हार कुणाचा हो?’

यांनी कागद पुन्हा फुलांखाली सारले. मग कप्पा बंद करत म्हणाले, ‘अजून कुणाचा न्हाय.’